लेझीम आपटली म्हणून ‘स्व-नियमन: प्रारंभिक पातळी’

ताई, नमस्कार.

माझा मुलगा सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. यंदा जूनपासून शाळेत आठवड्याला दोन पिरियड ‘एसईएल’चे, म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षणाचे, सुरू झालेत. त्याची फीही वेगळी घेतली. सकाळी वर्गात शिरताना भिंतीवरच्या चार रंगांच्या तक्त्यावर आपल्या नावाची क्लिप लावायची: लाल (राग), निळा (उदास), पिवळा (आनंदी), हिरवा (शांत). आज मन कसं आहे ते दाखवायला. आधी मला बरंच वाटलं. आमच्या वेळी कोण विचारत होतं?

पण दोन गोष्टी घडल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘माझ्या घरातलं हवामान’ अशी वर्कशीट दिली. यानं काळे ढग काढले आणि खाली लिहिलं, ‘बाबा रात्री ओरडतात, मग आई गप्प बसते.’ मॅडमनी वर्कशीट वर्गातल्या बोर्डावर लावल्या, त्यात हीपण लावली. पोरं त्याला ‘ढगाळ’ म्हणून चिडवायला लागली. पालकसभेला गेल्यावर मिस्टरांनी ती स्वतः वाचली. त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, ऑर्डरींची ओढाताण चाललीय. तेव्हापासून ते शाळेत पाऊल टाकत नाहीत, मुलाशीही कामापुरतं बोलतात.

दुसरं, गॅदरिंगच्या लेझीम पथकातून त्याला आयत्या वेळी काढलं. दीड महिना सराव केला होता. त्याच्या जागी कुणाचा मुलगा आला ते सगळ्यांना माहीत आहे. यानं लेझीम खाली आपटली आणि निघून गेला. जानेवारीच्या कार्डावर शेरा आला: ‘स्व-नियमन: प्रारंभिक पातळी. निराशा स्वीकारणे जमत नाही. घरी सराव घ्यावा.’ कसला सराव घेऊ?

मामंजी तालमीतले, ते म्हणतात, ही सगळी थेरं आहेत. मिस्टर म्हणतात, शाळाच बदलू. मॅडम म्हणतात, हे जगभर सिद्ध झालंय. मला विरोध करणारी अडाणी आई व्हायचं नाही, पण मनाला पटत नाही. काय करू?

— एक आई, उद्यमनगर, कोल्हापूर

*

ताई, तुम्हाला जे पटत नाहीये ते परदेशातले बरेच शिक्षणतज्ज्ञ गेली पंधरा-वीस वर्षं लिहून मांडतायत. तेव्हा अडाणी ठरायची धास्ती सोडा. उलट ‘जगभर सिद्ध झालंय’ एवढं बोलून जो विषय मिटवतो, त्यालाच दोन प्रश्न जास्त विचारावेत.

आधी लेझीमचं बघू, कारण खरा घोळ तिथे आहे. दीड महिना घाम गाळलेल्या पोराला आयत्या वेळी बाहेर काढलं, कारण सांगितलं नाही, आणि कारण काय ते अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. त्याला राग आला. आला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती. लेझीम आपटणं चूकच. कुणाच्या पायावर पडली असती तर बोट फुटलं असतं. त्याबद्दल त्याला सरांची माफी मागायला लावा, आणि विषय तिथे संपवा. पण कार्डावर काय आलं बघा. पथकातून काढल्याचा उल्लेख नाही. कुणी काढलं, का काढलं, काही नाही. उरलं ते फक्त ‘निराशा स्वीकारणे जमत नाही’. अन्याय करणारा कागदावरून गायब, आणि ज्याच्यावर झाला तो ‘प्रारंभिक पातळी’वर!

या शिक्षणावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप नेमका हाच आहे. अमेरिकेत डीना सिमन्स नावाच्या कृष्णवर्णीय अभ्यासक आहेत. येल विद्यापीठाच्या भावनिक बुद्धिमत्ता केंद्रात त्यांनी काम केलंय, म्हणजे त्या या क्षेत्राच्या आतल्याच. त्यांचं म्हणणं असं, की वंशभेदाबद्दल चकार शब्द न काढता कृष्णवर्णीय मुलांना ‘राग आवरा, श्वास घ्या’ शिकवलं, तर ते शिक्षण राहत नाही, त्या मुलांना गप्प बसवायचं साधन होतं. शब्द कितीही मायेचे असोत. अशी टीका होत असताना या क्षेत्रातल्या ‘कॅसेल’ या प्रमुख संस्थेनंही आपल्या मांडणीत समतेचा आणि न्यायाचा विचार ठळकपणे आणला.

आपण कोल्हापूरकरांनी हे अमेरिकेकडून शिकायची खरं तर गरज नाही. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता, कारण छत्रपती असले तरी त्याच्या लेखी ते शूद्र. ती चीड महाराजांनी गिळली नाही. वेदोक्ताचं प्रकरण त्यांनी नेटानं लढवलं. १९०१ पासून बोर्डिंगं उभी राहिली, १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या. त्या सकाळी कुणी त्यांच्यापुढे चार रंगांचा तक्ता धरला असता तर क्लिप लालवर लागली असती, आणि कार्डावर ‘प्रारंभिक पातळी’ आलं असतं.

गंमत म्हणजे ही कल्पना मुळात अशी नव्हती. तिचं मूळ सांगतात ते १९६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात जेम्स कोमर या मनोविकारतज्ज्ञानं केलेल्या कामात. गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या दोन प्राथमिक शाळा होत्या, मुलं वर्गात टिकत नव्हती, शिक्षक वैतागलेले. कोमर यांनी मुलांच्या हातात वर्कशीट दिली नाही. पालक, शिक्षक, मुख्याध्यापक आणि मानसतज्ज्ञ यांना एका टेबलाशी बसवलं आणि शाळा चालते कशी, निर्णय कोण घेतं, घरच्यांना दारात कसं वागवलं जातं, हे बदलायला लावलं. आधी शाळा सुधारली, मग मुलं. पुढे १९९४ मध्ये ‘कॅसेल’ ही संस्था निघाली, पाच कौशल्यांची यादी आली: स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याला समजून घेणं, नाती सांभाळणं, जबाबदारीनं निर्णय घेणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्यामुळे ‘भावनिक बुद्धिमत्ता’ घरोघरी पोचली. मग बाजार आला. पेटीत घालून विकायला शाळा सुधारणं सोयीचं नसतं, मूल सुधारणं सोयीचं असतं. तुमच्या वेगळ्या फीमध्ये जे आलंय ते हे.

आता ‘सिद्ध झालंय’चं. मॅडम खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. २०११ मध्ये अमेरिकेत २१३ कार्यक्रमांचा, सुमारे २ लाख ७० हजार मुलांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली आणि अभ्यासात सरासरी ११ पर्सेंटाइलचा फायदा दिसला, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकलं. हा आकडा जगातल्या प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. २०२३ च्या आणखी मोठ्या अभ्यासाचा कलही चांगलाच होता. पण इंग्लंडनं ‘सील’ नावाचा असाच कार्यक्रम सरकारी पातळीवर माध्यमिक शाळांत नेला तेव्हा काय झालं? २०१० च्या मूल्यमापनात तो राबवणाऱ्या २२ आणि न राबवणाऱ्या १९ शाळांची तुलना केली, तर मुलांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. ब्रिटनमध्येच ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या आठ हजारांवर मुलांवर सजगतेच्या तासांचा, म्हणजे श्वासाकडे लक्ष द्या वगैरे, प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. मुलांना नेहमीच्या तासांपेक्षा जास्त काही मिळालं नाही. बहुतेकांनी घरी सरावच केला नाही. थोडाफार फायदा दिसला तो शिक्षकांना, त्यांचा थकवा काही काळ कमी झाला. (हे वाचून मला वाटलं, आपल्याकडे पिरियड आधी स्टाफरूममध्येच ठेवावा.)

म्हणजे मनापासून, नीट तयारीनं केलं तर उपयोग होतो. वरून लादलं आणि उरकलं तर होत नाही. ‘घरी सराव घ्यावा’ असा शेरा मारणारी शाळा कुठल्या गटात बसते ते तुम्हीच ठरवा.

मामंजींना सांगा, ब्रिटनमधले दोन प्राध्यापक त्यांच्या बाजूला आहेत. कॅथरीन एकलस्टन आणि डेनिस हेज यांनी २००८ च्या सुमारास हाच मुद्दा मांडला: मुलांना सतत ‘तुला कसं वाटतंय’ विचारत राहिलं की मुलं स्वतःला नाजूक समजायला लागतात, आणि शाळेचं मूळ काम, शिकवणं, मागे पडतं. यात तथ्य आहे. तरी मी मामंजींच्या बाजूला पुरती जाणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रातोरात घर सोडून निघालेली पोरं आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांना ‘मर्दासारखा राहा’ सांगून भागणारं नव्हतं. कुणीतरी शेजारी बसून ऐकायलाच हवं होतं. आणि तालमीत वस्ताद तरी दुसरं काय करतो? हरलेल्या पोराला त्या रात्री एकटं सोडत नाही. फरक एवढाच, की तो त्याचा शेरा लिहून घरी पाठवत नाही.

या शेऱ्यांवर जरा थांबते. अँजेला डकवर्थ या चिकाटीवर संशोधन करून नावाजलेल्या बाई. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही शाळा-समूहांनी मुलांच्या अशा गुणांची मोजणी शाळेच्या गुणांकनात धरायचं ठरवलं, तेव्हा त्याच जाहीरपणे विरोधात उभ्या राहिल्या: ही मापं त्या कामासाठी तयारच नाहीत. कारण साधं आहे. रोज पाचशे जोर मारणाऱ्यांत वाढलेला मुलगा दोनशे मारून स्वतःला कच्चा म्हणेल, आणि जिथे कुणीच मारत नाही तिथला मुलगा वीस मारून स्वतःला पैलवान म्हणेल. मनाच्या बाबतीत तर जोर मोजायचीही सोय नाही. त्यात मुलं हुशार असतात. तुमच्या मुलाला सहज विचारा, क्लिप रोज कुठे लावतोस. मी पैजेवर सांगते, बरीच पोरं पिवळ्यावर किंवा हिरव्यावर लावून मोकळी होत असणार, कारण लालवर लावली की मॅडम बाजूला घेऊन बसतात आणि मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं जातात.

आपल्या महाराष्ट्राला याचा चांगला अनुभव आहे. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. हेतू उत्तम: मुलाला फक्त मार्कांत बघू नका, त्याच्याबद्दल दोन ओळी लिहा. ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’, ‘सुधारणा आवश्यक’. मग झालं काय? पन्नास-साठ पोरांच्या वर्णनात्मक नोंदी लिहून बोटं दुखायला लागली आणि तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरायला लागल्या. गावोगावच्या हजारो मुलांच्या प्रगतिपुस्तकावर एकच वाक्य, ‘वर्गकार्यात आनंदाने सहभागी होतो’. शिक्षकांना दोष देत नाही. एवढ्या मुलांचं मन दर सत्राला कोण वाचणार? पण ‘निराशा स्वीकारणे जमत नाही’ हे वाक्यही अशाच एखाद्या तयार यादीतून आलं असण्याची दाट शक्यता आहे. सॉफ्टवेअरमध्ये तीन पर्याय दिसत असतील, मॅडमनी एकावर बोट ठेवलं असेल. त्यावर तुम्ही रात्रीची झोप घालवू नका.

शाळा कदाचित राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं नाव सांगेल. २०२० च्या धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे हे खरं. मुलाची सर्वांगी ओळख, त्याचं स्वतःचं मूल्यमापन, सवंगड्यांचं मूल्यमापन, घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा, असं ते मांडलंय. एका प्रसंगावरून मुलाच्या स्वभावावर शिक्का मारा असं त्यात कुठेही नाही.

वर्कशीटबद्दल मात्र मी शाळेला इतक्या सहज सोडणार नाही. घरात काय चालतं हे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कागदावर लिहायला लावायचं असेल तर आधी ठरलेलं असावं: तो कागद कोण वाचणार, कुठे राहणार, काही गंभीर निघालं तर पुढचं पाऊल काय. तुमच्या मुलानं विश्वासानं एक खरी ओळ लिहिली. जाणत्या माणसानं ती वाचून कागद बाजूला ठेवला असता, तुम्हाला एकटीला बोलावलं असतं. इथे ती ड्रॉइंगसारखी टाचण्या मारून भिंतीवर लावली. भावना शिकवणाऱ्या तासात मुलाला मिळालेला धडा काय? खरं लिहायचं नाही. पुढच्या वर्कशीटवर तो सूर्य काढेल बघा.

यासाठी समुपदेशक लागतो, दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलेला विषयशिक्षक पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे निर्देश दिले, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं म्हटलंय. तुमच्या शाळेत तो आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता जरा कडू बोलते. कागद भिंतीवर लागायला नको होता. पण त्यावरचं वाक्य खोटं आहे असं तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेलं नाही.

मिस्टरांना चारचौघांत लाज वाटली, ते समजू शकते. धंद्याची ओढाताण, हप्ते, कामगारांचा पगार, आणि वर पालकसभेत हे. पण शिक्षा भोगतोय तो मुलगा. त्यानं कुणाची चहाडी केलेली नाही, विचारलं तेवढं सांगितलं. बाप कामापुरतं बोलायला लागला की मूल स्वतःच हिशेब मांडतं: मी लिहिलं म्हणून झालं. हे शाळेच्या शेऱ्यापेक्षा जास्त खोल जातं. मिस्टरांना लांबलचक माफी मागायची गरज नाही. रविवारी वर्कशॉपवर जाताना त्याला गाडीवर मागे बसवून न्यावं, लेथवरचं काम दाखवावं, आणि बोलता बोलता म्हणावं, ‘तू लिहिलंस ते बरोबर होतं. मी ओरडतो. कामाचं टेन्शन असतं, ते तुमच्यावर निघतं, ते थांबवायला पाहिजे.’ बस्स. आणि मग खरंच थांबवायला पाहिजे. त्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि ओरडण्याच्या पुढे काही होत असेल, तुमच्यावर किंवा मुलावर हात उगारला जात असेल, तर ते या सदरात बसणारं नाही. १८१ महिलांसाठी आणि १०९८ मुलांसाठी आहे, वाट बघू नका.

‘मग आई गप्प बसते’ ही ओळही त्यानंच लिहिलीय. ती तुमच्यासाठी.

शाळेशी कसं बोलायचं? आधी वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, शाळा सुटल्यावर. भांडायला जाऊ नका. वर्कशीट लावताना त्यांच्या मनात वाईट काही असेल असं मला वाटत नाही. मुलाला काय भोगावं लागलं तेवढं सांगा. बहुतेक शिक्षिकांना एवढं पुरतं. नाही पुरलं तर अर्ज द्या, साधा:

‘मा. मुख्याध्यापक यांस, सविनय नमस्कार. माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता सहावीत शिकतो. सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या तासाला माझा विरोध नाही. परंतु घरातील खाजगी गोष्टींबद्दलच्या वर्कशीट पालकांना विचारल्याशिवाय देऊ नयेत व वर्गात लावू नयेत. मुलाची लावलेली वर्कशीट मला परत मिळावी. जानेवारीच्या कार्डावरील स्व-नियमनाचा शेरा ज्या प्रसंगावरून दिला, त्या प्रसंगाची पूर्ण नोंद करावी अथवा शेरा काढावा. लेझीम पथकातून त्याला वगळण्याचे कारण कळावे. शाळेतील समुपदेशकांची पात्रता व भेटीची वेळ कळवावी. मुलांच्या भावनांविषयीची माहिती कोणत्या अॅपमध्ये वा कंपनीकडे साठवली जाते व किती काळ, हेही कळावे.’

शेवटची ओळ मी मुद्दाम घातलीय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हे तत्त्व मांडलंय. शाळांना त्यात काही सवलती आहेत, पण बाहेरच्या कंपनीचं अॅप वापरत असतील तर तुम्हाला विचारल्याशिवाय का, हा प्रश्न रास्त आहे. एकट्यानं दिलेला अर्ज ड्रॉवरमध्ये जातो; आणखी तीन-चार पालकांच्या सह्या घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय ठेवायला लावा. लेझीमवाल्या ओळीला उत्तर येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी ती खोडू नका. तुमच्या मुलाला तो अर्ज वाचायला द्या.

शाळा बदलायचा विषय मे महिन्यापर्यंत काढू नका. दुसरीकडेही हेच तक्ते निघाले तर डोनेशन वाया जाईल, आणि सहावीतल्या पोराचे मित्र तुटतील ते वेगळंच. त्याला तासातून काढूनही घेऊ नका. सगळे पिरियडला आणि हा एकटा ग्रंथालयात बसलेला, यानं चिडवणं वाढेल. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या, तारखेची.